हात लागेपर्यंत

बीबी गावच्या आठवडी बाजारात सोजराबाई मेथीच्या जुड्या मांडून बसली होती. ओळख ना पाळख अशी एक बाई समोर येऊन उकिडवी बसली, जुडी उलटीपालटी करून पाहिली आणि म्हणाली, "काल किनगावच्या हळदीत काय गायल्या वं माय तुमी! अजून कानात बसेल हाय."

सोजराबाई काल दिवसभर वांग्याच्या वाफ्यात होती. निदान तिला तरी तसंच वाटत होतं.

"म्या?" ती म्हणाली. "किनगावले?"

"मंग कोण? माह्या नणंदेच्या पोरीची हळद होती न. सगळ्याईची नावं घेतली तुमी. माह्यंबी घेतलं."

"तुमचं नाव काय?"

बाई खो खो हसली. नाव घेऊन वर नाव विचारणारी गायकीण तिने पहिल्यांदाच पाहिली असावी. दोन जुड्या पिशवीत कोंबून ती हसत हसतच गर्दीत गेली. सोजराबाई मात्र पुढच्या गिऱ्हाइकाला मेथीऐवजी पालक देऊन बसली.

कोणी म्हणेल, यात एवढं गोंधळण्यासारखं काय आहे? म्हणणाऱ्याने आधी सोजराबाईची आई पाहायला हवी होती. ती माउली डोणगावला शेवटची दोन वर्षं पोटच्या पोरांना विचारत होती, "तुमी कोण्या गावचे, पाव्हणे?" तेव्हापासून चष्मा कुठे ठेवला हे जरी आठवलं नाही तरी सोजराबाई घरातल्या सगळ्यांची नावं मनात म्हणून बघते. इथे तर आख्खी हळद विसरली गेली होती.

घरी आल्या आल्या तिने टोपलं खाली ठेवलं आणि सुनेला, अश्विनीला विचारलं, "काय वं, काल मी किनगावले गेलती का?"

अश्विनी आधी हसली, मग सासूचं तोंड बघून हसायची थांबली. "आई, काल तुमी वावरात होत्या. मीच डबा आणला न तुमाले." मग तिने मोबाईल उघडला, त्यात इकडेतिकडे बोट फिरवलं आणि तो सासूच्या कानाशी धरला.

आतून सोजराबाई गात होती. तिचाच आवाज, तिचीच चाल. दिवाळीत सर्दी झाल्यापासून घशात जी बारीक खर बसली होती, तीसुद्धा जिथल्या तिथे. आणि नावं होती किनगावच्या त्या माणसांची, ज्यांची तोंडं तिने जन्मात पाहिली नव्हती.

आता सोजराबाई कोण, हे सांगायलाच हवं. गावातली माणसं सांगतील की ती भगवंतराव माळ्याची बायको, भाजीपाला पिकवते आणि विकते. बायका सांगतील की ती हळदीची गाणी गाते. भगवंतराव काहीच सांगणार नाहीत, कारण लग्न झाल्यापासून त्यांनी बायकोचं एकही गाणं शेवटपर्यंत ऐकलेलं नाही. मोटर चालू करायची असते म्हणे. तिचं वय तिने सांगितलेलं खरं धरू नये, आणि आधार कार्डावरचं तर मुळीच नाही.

बीबीत आणि आजूबाजूच्या चार गावांत हळद लागायची तर ती सोजराबाईच्या गाण्यावर. पद्धत अशी, की नवरी पाटावर बसली की सोजराबाई एकेक नाव घेणार आणि ज्या बाईचं नाव येईल तिने उठून हळद लावायची. पहिला मान नवरीच्या आईचा.

*हळद वाटली गं, हिरव्या मांडवाखाली,*
*हात अमकीचा, लागू दे नवरीच्या गाली.*

मागून बायका झील धरतात, "लागू द्या गं हात, लागू द्या." आणि तो हात नवरीच्या गालाला लागेपर्यंत सोजराबाई ती ओळ सोडत नाही. पुन्हा तेच, पुन्हा तेच. एकदा नवरीची आत्या सुलतानपूरच्या फाट्यावर एसटीची वाट बघत अडकली होती. नाव तर घेऊन झालं होतं. सोजराबाईने ओळ धरून ठेवली, बायकांनी झील धरून ठेवली, आणि आत्याबाई धापा टाकत मांडवात शिरल्या तेव्हा चुलीवरचं वरण करपून गेलं होतं. ते करपलेलं वरण लोकांनी बोटं चाटत खाल्लं आणि त्या हळदीचं नाव आजही निघतं.

आणखी एक रीत होती. हळदीच्या गाण्यात जिवंत माणसांचीच नावं घ्यायची. गेलेल्यांना देवाबरोबर आवतन द्यायचं, सकाळी, वेगळ्या गाण्यात. कारण उघड आहे. नाव घेतलं की हात लागला पाहिजे, आणि गेलेल्या माणसाचा हात आणायचा कुठून? नवरीला आई नसली तर सोजराबाई आदल्या दिवशी घरच्यांना विचारून मावशीचं किंवा काकूचं नाव पहिलं धरायची.

तर तो मोबाईलमधला आवाज.

त्याचं मूळ डोणगावला होतं, तिच्या माहेरी. भाऊबीजेला गेली तेव्हा भावाचा मुलगा प्रेम याने तिला पुढच्या खोलीत नेलं. पूर्वी तिथे सोयाबीनची पोती असायची. आता तिथे त्याने स्टुडिओ काढला होता. भिंतींवर वरपासून खालपर्यंत अंड्यांचे रिकामे ट्रे ठोकलेले. ज्या घरात आजवर एक अंडं आलं नव्हतं तिथे हा थाट बघून सोजराबाईने तोंडाला पदर लावला.

"आवाज घुमू नाही म्हून लावले, आत्या," प्रेम म्हणाला.

"आवाज घुमला नाही तं तो आवाज कायचा बापा?"

त्याने तिच्या कानांवर जाड टोपणं चढवली, तोंडासमोर माईक आणला आणि म्हणाला, "गा."

"कोणाची हळद हाय?"

"कोणाचीच नाही."

"मंग गाऊ कोणाच्या नावानं?"

प्रेमने बरंच समजावलं. पण समोर कोणीच नसताना सोजराबाईच्या गळ्यातून सूर निघेना. शेवटी त्याने स्टुलावर पाण्याचा तांब्या आणून ठेवला आणि सोजराबाईने त्या तांब्याची हळद गायली. अगदी साग्रसंगीत. मग प्रेमने तिला नुसतंच बोलायला लावलं, हसायला लावलं, नात्यांची नावं घ्यायला लावली, मामी, काकू, आजी, करवली. लांब श्वास घ्यायला लावला, तोही रेकॉर्ड केला. श्वास कशाला हवा, हे तिला कळलं नाही, पण भाच्याला हवा होता, दिला.

"आत्या, ही हाताची ओळ तुमी कवा दोनदा म्हणता, कवा सातदा. नक्की किती खेप म्हणाची?"

"हात लागेपर्यंत."

"हाव, पण अंदाजे?"

"अंदाजे हात लागेपर्यंत."

प्रेमने मान हलवली आणि दोनदावर ठेवलं. निघताना तो तिच्या पाया पडला. म्हणाला, "तुमचा आवाज आता म्या ठेवून घेतला, आत्या. आता तुमाले कोठी हिंडा लागणार नाही." सोजराबाईला वाटलं, फोटो काढून ठेवतात तसं काही असेल. तिने त्याला आशीर्वाद दिला आणि विषय तिच्यापुरता संपला.

किनगावच्या भानगडीनंतर तिने अश्विनीकडून त्याला फोन लावून घेतला.

"प्रेम, म्या किनगावले गायलं का नाही गायलं? एक सांग."

"गायलं न, आत्या."

"कवा?"

"म्हंजे तुमी नाही गायलं. आवाज तुमचा हाय. लोकं मले नावं सांगतात, मी कम्प्युटरले देतो, तो तुमच्या आवाजात गाते."

"मंग गायलं कोण?"

प्रेम हा खोटं बोलणारा पोरगा नव्हता, हीच पंचाईत होती. "आत्या," तो म्हणाला, "खरं सांगू का, आत काय होते ते मलेबी पुरतं समजत नाही. पण लोकाईले लय आवडून राह्यलं."

आवडत होतं, यात शंका नव्हती. त्या हंगामात सोजराबाई एका दिवशी तीन तीन गावांत गायली आणि एकाही गावाला गेली नाही. प्रेमच्या गाण्यात प्रत्येक नावाला नेमकी दोन ओळींची जागा. त्यामुळे बायका आधीच हळदीने हात बरबटून रांगेत उभ्या राहायच्या, न जाणो आपलं नाव निघून जायचं. एक चुलती म्हणे चप्पल शोधत राहिली आणि तिचा मान हुकला, तर तिने दोन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. सुलतानपूरच्या कोण्या भल्या घराने एसटीच्या कंडक्टरबरोबर सोजराबाईला खण-नारळ पाठवला. गाणाऱ्या बाईचा मान म्हणून. आता तो घ्यायचा की परत पाठवायचा? न गाता घेतला तर खोटेपणा, परत पाठवला तर अपमान. तिने तो देवापुढे ठेवला. नारळ फोडवेना, खण शिववेना. दर दोन दिवसांनी ती नारळ कानाशी हलवून बघायची. आतलं पाणी कमी होत चाललं होतं आणि तिचा निर्णय काही होत नव्हता.

राग येत होता का तिला? मधूनच यायचा. मग ते गाणं पुन्हा ऐकलं की वाटायचं, गाते तर बरी की गं ही. आणि मग ही म्हणजे कोण, या विचाराने डोकं पुन्हा गरगरायचं.

पण हे सगळं तिने सोसलं असतं. तिचा जीव अडकला होता तो योगिनीच्या हळदीत.

योगिनी म्हणजे वच्छलाबाईची मुलगी. वच्छलाबाई आणि सोजराबाई दोघी डोणगावच्या, दोघी बीबीत दिल्या, दोघींची वावरं बांधाला बांध लागून. सोजराबाई गायची आणि मागे झील धरायची ती वच्छला. तिची झील म्हणजे काय होती, ते ऐकलेल्यांनाच ठाऊक. सोजराबाईचा दम संपत आला की नेमकी त्याच क्षणी मागून वच्छलाची झील चढायची आणि ऐकणाऱ्याला मधली फट कळायची नाही. वच्छलाच्या उजव्या हाताची करंगळी जन्मापासून वाकडी, बाहेर फेकलेली. तिने हळद लावली की गालावर तीन बोटं जवळ जवळ आणि करंगळीची रेघ लांब, कानाकडे वळलेली. बायका गाल बघून सांगायच्या, इथे वच्छलाचा हात लागला. तीच करंगळी योगिनीने उचलली होती. लहानपणी पोरी चिडवायच्या तर वच्छला म्हणायची, "राहू दे, माही सही हाय ते."

दोन वर्षांपूर्वी वच्छला गेली. पोटाचं दुखणं होतं. शेवटच्या आठवड्यात तिने सोजराबाईचा हात धरून सांगितलं, "योगिनीची हळद तूच गाजो. माह्या जागी पह्यला हात कोणाचा, ते तू पाहून घे. तुले समजते." सोजराबाईने हो म्हटलं. एवढं एकच वचन तिने आयुष्यात कोणाला दिलं होतं. लग्नात सप्तपदीला काय काय कबूल केलं ते तिला तेव्हाही ऐकू आलं नव्हतं.

योगिनीचं लग्न ठरलं. मांडवाचा दिवस जवळ आला. सोजराबाई रोज पहिल्या हाताचा विचार करायची. योगिनी सोजराबाईलाच मावशी म्हणायची, सख्खी मावशी तिला नव्हती. काकूचं आणि वच्छलाचं कधी पटलं नव्हतं. तिचं नाव पहिलं घेतलं तर वच्छला स्वर्गातून खाली येऊन झिंज्या उपटेल. स्वतःचं नाव घ्यावं तर गाणारीने स्वतःला बोलवायचं नसतं. ठरत नव्हतं. आणि ज्याच्याशी बोलून ठरवायचं तो वच्छलाचा नवरा, कडूबा, गाण्याचं आवतन घेऊन येतच नव्हता. हळदीकुंकू आणि सुपारी घेऊन घरच्या माणसाने यायचं, ही रीत. शेजारच्यांना पत्रिका आल्या, तिलाही आली, पण सुपारी आली नाही.

"इसरला असंल," अश्विनी म्हणाली.

"इसरणारा नाही तो."

मांडवाला दोन दिवस उरले तेव्हा कडूबा आला. हातात सुपारी नव्हती, मोबाईल होता. ओट्यावर बसला, पाणी प्यायला, आणि एकदम त्याचे डोळे भरून आले.

"वयनी, तुमचे उपकार कसे फेडू?"

"काय झालं, भाऊ?"

"म्या प्रेमले नावं सांगतली. नवरीच्या आईचं नाव काय, असं त्यानं इचारलं, म्या सांगून देलं. मंग मनात भ्या वाटलं, का तुमी ते नाव घ्यान का नाही. गेलेल्याचं नाव तुमी घेत नाही, मले मालूम हाय. पण तुमी घेतलं, वयनी. वच्छलाचं नाव घेतलं तुमी." आणि त्याने मोबाईलचं बटण दाबलं.

*हात वच्छलाबाईचा, लागू दे नवरीच्या गाली.*

सोजराबाईने ते कान देऊन ऐकलं. किती मायेने घेतलं होतं नाव! ती स्वतः गायली असती तर 'वच्छला' म्हणताना तिचा गळा दाटला असता. हिचा दाटला नव्हता. ही जणू वच्छला पलीकडे चुलीपाशी बसली आहे आणि आता हात पुसत येईल, अशी गात होती.

म्हणजे कडूबाला वाटत होतं की प्रेमला सांगणं म्हणजे सोजराबाईलाच सांगणं. डोणगावला जाऊन ती गाऊन आली. सुपारी द्यायची राहिली कशी, तर त्याच्या लेखी काम आधीच झालं होतं.

आता काय सांगावं? मी गायलं नाही म्हणावं, तर हा माणूस इथे ओट्यावर ढासळेल. हो म्हणावं, तर वचन तिथल्या तिथे फिटलं, आणि तिने तर अजून तोंडही उघडलं नव्हतं. आवाज माझा, मग वचन पुरं झालं का? माझा आवाज हवा होता वच्छलाला, की मी? हे विचारायचं कोणाला, तर जिला विचारायचं तीच नव्हती.

"रोज सांजच्याले ऐकतो मी," कडूबा म्हणाला. "तुमीच गायलं न, वयनी?"

"हाव," सोजराबाई म्हणाली. आणि तो गेल्यावर तिला वाटलं की आपण आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोललो, किंवा कदाचित खरंच बोललो. यातलं कोणतं, ते तिला अजूनही सांगता येणार नाही.

मांडवाच्या दिवशी दुपारी ती गेली ती चार बायकांसारखी, हात हलवत. गाणारी म्हणून पाटाशेजारी बसायची तिची जागा. तिथे आज प्रेमचा काळा डबा होता, मागे वायरी सोडलेला. प्रेम तिच्या पाया पडला. "आत्या, आज तुमी आरामात बसा," तो म्हणाला, आणि त्यात काडीचाही कुचकेपणा नव्हता. ती मांडवाच्या खांबाला टेकून बसली.

योगिनी पाटावर आली. पिवळं लुगडं, मोकळे केस. हळदीची वाटी समोर ठेवली. बायकांची रांग लागली, सगळ्यांचे हात आधीच पिवळे. रांगेत पुढे काकू. प्रेमने बटण दाबलं.

हळद वाटली गं, हिरव्या मांडवाखाली. मांडवभर सोजराबाईचा आवाज. म्हाताऱ्या बायकांनी खांबाला टेकलेल्या सोजराबाईकडे पाहिलं, मग डब्याकडे, मग पुन्हा तिच्याकडे. तिचं तोंड मिटलेलं होतं. एकीने तर हळूच देवाचं नाव घेतलं.

आणि मग, हात वच्छलाबाईचा.

काकू एक पाऊल पुढे आली आणि तिथेच थबकली. आपलं नाव नव्हतं. पुढे जावं तर दुसरीचा मान घेतल्यासारखं, थांबावं तर रांग अडली. योगिनीने मात्र डोळे मिटून गाल वर केला. आईचं नाव ऐकलं आणि पोरीने गाल वर केला, बस्स, एवढंच झालं. लागू दे नवरीच्या गाली, डबा दुसऱ्यांदा म्हणाला. दोन ओळी झाल्या. आणि तो पुढच्या नावाला गेला.

योगिनीचा गाल तसाच वर होता. कोरा.

हात न लागता पुढे निघून गेलेलं नाव सोजराबाईने आजवर पाहिलं नव्हतं. रीत, वचन, कोणाचं नाव घ्यायचं आणि कोणाचं नाही, यातलं काहीही तिच्या डोक्यात आलं नाही. डोक्यात एवढंच आलं की ओळ सोडली. कोणीतरी ओळ सोडली. आणि आवाज माझा आहे.

*हात वच्छलाबाईचा,* ती बसल्या जागेवरून गायली, *लागू दे नवरीच्या गाली.*

आता मांडवात दोन सोजराबाया झाल्या. एक डब्यात, काकूचं नाव घेऊन पुढे निघालेली. एक खांबापाशी, वच्छलाच्या नावावर अडून बसलेली. आणि खरं सांगायचं तर डब्यातली जास्त चांगली गात होती. तिला दम लागत नव्हता. इकडच्या सोजराबाईचा आवाज चिरकला, 'वच्छला'वर नको तिथे दाटला, पुन्हा निघाला. बायका गोंधळल्या. झील कोणाला द्यायची? काकूने काय करावं? प्रेम एकदा बटणाकडे बघायचा, एकदा आत्याकडे. त्याला बंद करावं की नाही हेही सुचेना.

पहिली झील अश्विनीने धरली. बिचारी लाजत, अर्धवट सुरात. "लागू द्या गं हात, लागू द्या." मग दुसरीने धरली, मग सगळ्यांनी.

सोजराबाई ओळ म्हणत राहिली आणि म्हणता म्हणता घाबरून गेली. आता ही सोडायची कशी? नाव तर तिनेच घेतलं होतं, आणि ज्या हाताचं घेतलं तो दोन वर्षांपूर्वी जळून गेला होता. हात येणार नाही, म्हणजे ओळ संपणार नाही. तिच्या बरगड्या दुखायला लागल्या. डब्यातलं गाणं आजी, मामी, करवली सगळ्यांना बोलावून संपलंसुद्धा. मागून दम चढवणारी वच्छलाची झील नव्हती, आणि ही फट आता सगळ्यांना ऐकू येत होती. पुन्हा तेच. पुन्हा तेच. "मावशी," असं कोणीतरी म्हणाल्यासारखं तिला वाटलं, पण तिने डोळे उघडले नाहीत.

मग बायकांची झील एकाएकी तुटली. तिने डोळे उघडले.

योगिनीने स्वतःच वाटीत हात बुडवला होता. उजवा हात. तिने तो वर उचलला, क्षणभर बघितला, जणू कोणाचा आहे ते ओळखतेय, आणि आपल्याच गालावर ठेवला. हळूच, दुसऱ्या कोणी ठेवावा तसा. हात खाली आला तेव्हा गालावर तीन बोटं जवळ जवळ होती आणि करंगळीची रेघ लांब, कानाकडे वळलेली.

"वच्छला," रांगेतली एक म्हातारी म्हणाली, आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली.

सोजराबाईने ओळ सोडली. मग तीही रडली, काकूही रडली, जिचं वच्छलाशी कधी पटलं नव्हतं. बाकीची हळद सोजराबाईनेच गायली, बसक्या आवाजात, दर हाताला थांबत. प्रेम डबा बाजूला सरकवून वायरी गुंडाळत होता आणि मधूनच गालावरच्या त्या रेघेकडे बघत होता.

पंगती उठल्यावर कडूबा तिला शोधत आला. मोबाईल हातातच होता.

"वयनी, तुमी मांडवात गाऊन राह्यल्या होत्या."

"हाव."

"आन् त्याच वक्ती डब्यातबी तुमीच गाऊन राह्यल्या होत्या."

सोजराबाईने बाजूला सरकवलेल्या डब्याकडे पाहिलं.

"मंग मी रोज सांजच्याले ऐकतो ते कोणी गायलं?"

"मलेबी नाही समजून राह्यलं, भाऊ," ती म्हणाली. या वेळी ते पुरतं खरं होतं.

कडूबा बराच वेळ मोबाईलच्या काचेवरून अंगठा फिरवत राहिला. "तुमी म्हणत असान तं मिटवून टाकतो. आत्ताच. तुमी गायलं नाही ते घरात काऊन ठेवाव?"

आतून बायकांचं हसणं ऐकू येत होतं. त्या मोबाईलमध्ये तिने न घेतलेलं नाव होतं, तिने न पाळलेलं वचन होतं, आणि चुलीपाशी बसलेली, आता हात पुसत येणारी वच्छला होती. दुसऱ्या कुठल्या गाण्यात ती अशी नव्हती. सोजराबाईला तसं कधी गाताच आलं नसतं.

"आजच्या दिवस राहू द्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी योगिनीची गाडी गेल्यावर त्याने पुन्हा विचारलं. तिने पुन्हा तेच सांगितलं. आता वावरात जाता येता बांधावर भेटला की कडूबा विचारतो, "काय करू, वयनी?" आणि सोजराबाई विळा खाली ठेवते, थोडा विचार करते आणि म्हणते, "आजच्या दिवस राहू द्या, भाऊ."